जेल काढलं आणि नखांची सालपटं निघायला लागली

अबोली_सांगली (११ मे)

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होते, आज गरज पडली म्हणून धागा काढतेय.

मार्चमध्ये धाकट्या नणंदेचं लग्न झालं. हळदीच्या आदल्या दिवशी आम्ही सगळ्या जावा-नणंदा मिळून नखं करून घ्यायला गेलो, जेल एक्स्टेन्शन, म्हणजे जेल लावून नखं लांब करतात ते. आयुष्यात पहिल्यांदा. दिसलं छान, खोटं कशाला बोलू. अल्बम उघडला की अजून मी नवरीच्या आधी माझे हात बघते. तीन आठवड्यांनी कडा सुटायला लागल्या, केस विंचरताना अडकायच्या, म्हणून काढायला गेले. ज्या मुलीनं लावलं होतं ती रजेवर. दुसरीनं कापूस आणि फॉईल गुंडाळलं, पाच मिनिटंसुद्धा ठेवलं नाही, आणि पुशर घालून उचकटायला सुरुवात केली. उरलेलं ड्रिलनं. अंगठ्याला असा चटका बसला की मी हातच मागे घेतला. ती म्हणाली, "होतं मॅडम थोडं गरम."

आता नखं कागदासारखी झालीत. टोकाला एकावर एक पापुद्रे सुटतात, दाबलं की नख वाकतं. पतसंस्थेत कॅशला बसते मी, नोटा मोजताना पापुद्रा अडकतो आणि पार मागपर्यंत फाटत जातो. भाकरी थापायची तर गरम पाण्यात मळलेलं पीठ नखाखाली झोंबतं. ठेचा करायचं तर नावच नको.

सासूबाई म्हणतात अंगातलं कॅल्शियम कमी झालंय, चुना खा. ऑफिसातली मैत्रीण म्हणते नखं कडक करणारं हार्डनर लाव. पार्लरवाली म्हणते वरून ओव्हरले, म्हणजे जेलचा थर, करून घ्या, झाकून जाईल. कुणाचं ऐकू? आणि ही नखं परत धड होतात का, की हे असंच राहणार?

भडंगप्रेमी

चुरमुऱ्यासारखी पातळ झाली असतील तर तेल आणि मसाला लावून बघा. सांगलीत त्याला चांगला भाव मिळतो.

(हलके घ्या ताई.)

चिमणचारा

अबोली, घाबरू नकोस. मी यातून गेलेय, दोन वर्षांपूर्वी. माझी ॲक्रिलिकची खोटी नखं होती आणि काढली कुणी? मीच, घरी, दातानं. मालिका बघत बघत. दहाच्या दहा. त्यामुळे पार्लरला शिव्या घालायचीसुद्धा सोय नव्हती.

एक गोष्ट मला कुणी आधी सांगितली असती तर बरं झालं असतं: खराब झालेलं नख दुरुस्त होत नाही. ते पुढे सरकतं आणि कापून टाकायचं. मागून नवीन येतं ते चांगलं असतं. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, म्हणजे मुळापासून टोकापर्यंत पूर्ण नवीन यायला चार ते सहा महिने. मी दर महिन्याच्या एक तारखेला शाळेच्या पट्टीवर बोट ठेवून फोटो काढायचे. नवरा म्हणायचा, पोरांची उंचीसुद्धा तू एवढ्या नेमानं मोजली नाहीस.

पहिले दोन महिने काही फरक दिसत नाही. तिथंच माणूस कंटाळतो आणि परत काहीतरी लावून घेतो.

खणभागचा_तात्या

स्पष्ट बोलतो, राग मानू नये. आमच्या आईनं राखेनं भांडी घासली, शेणानं घर सारवलं, तिची नखं कधी सोलली नाहीत. ही थेरं करायची कशाला आणि मग रडायचं कशाला?

चिमणचारा

तात्या, धाग्यात "करावं का" असं कुठं विचारलंय? झालंय, आता पुढं काय, असा प्रश्न आहे. तुमच्या गुडघ्याच्या धाग्यावर कुणी "जिना चढलात कशाला" असं विचारलं होतं का?

खणभागचा_तात्या

विचारलं होतं. तूच विचारलं होतंस.

चिमणचारा

बरं. एकएक बरोबरी.

रंगबोटी

मी मिरजेत नखांचंच काम करते, सात वर्षं झाली. त्यामुळे आमच्या बाजूनं थोडं लिहिते, लांबलं तर माफ करा.

अबोलीताई, तुमच्या बाबतीत चूक लावण्यात नाही, काढण्यात झाली. जेल लॅम्पखाली कडक झालं की ते नखाच्या वरच्या थराला घट्ट धरून बसतं. ते सोडवायची रीत अशी: आधी वरचा चकाकणारा टॉप कोट फाईलनं खरवडायचा, मग ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापूस, वर फॉईल, आणि निदान दहा-पंधरा मिनिटं बसायचं. जेल आपोआप उचलून आल्यासारखं दिसतं, तेव्हा लाकडी काडीनं हलकेच ढकलायचं. नाही सुटलं तर परत गुंडाळायचं. उचकटलं की जेलबरोबर नखाचा वरचा थरही निघून येतो. आणि काही प्रकारचं हार्ड जेल ॲसिटोननं विरघळतच नाही, ते फाईलनं पातळ करत आणायचं आणि तळाचा पातळ थर नखावर तसाच वाढून जाऊ द्यायचा. तुम्हाला कुठलं लावलं होतं ते त्या दुसऱ्या मुलीला माहीत तरी होतं का?

तो चटका म्हणजे ड्रिल एकाच जागी जास्त वेळ टेकवला. गरम लागलं याचा अर्थ नख फार पातळ झालं. तिथं लाल पट्टे दिसतात का बघा, अर्धगोलाकार. त्याला आम्ही आपसात "रिंग ऑफ फायर" म्हणतो. वाढून जातात, पण तोवर तिथं दुखतं.

खरं सांगायचं तर गिऱ्हाईकही घाई करतं. "लवकर काढ गं, रिक्षा थांबलीय." पंधरा मिनिटं बसायला सांगितलं की तोंड वाकडं होतं. काढायचे पैसे मागितले तर आणखी वाकडं. लावायला हजार देणारी बाई काढायला शंभर देत नाही, मग पार्लरवाली तिथं शिकाऊ मुलगी बसवते.

ओव्हरलेबद्दल: मी आत्ता करून देणार नाही, तुम्ही माझ्याकडे आलात तरी. इतक्या पातळ नखावर लॅम्पखाली जेल कडक होताना आग होते आणि परत काढताना तीच गोष्ट.

पांढरा_कोट

रंगबोटी यांच्या प्रतिसादाला अनुमोदन. मी साताऱ्यात त्वचारोगाची प्रॅक्टिस करतो. धागा वाचून उपचार लिहून देता येत नाहीत, पण काही गैरसमज दूर करतो.

नख म्हणजे केराटिन नावाच्या प्रथिनानं भरलेल्या मृत पेशींचे चपटे थर, एकावर एक चिकटलेले. कांद्यासारखे म्हणा. नखाच्या बुडाशी कातडीच्या आत ते तयार होतं, अंगठ्यावर पांढरी चंद्रकोर दिसते तो त्याच कारखान्याचा बाहेर डोकावणारा भाग. तिथं इजा झाली नसेल तर नवीन नख व्यवस्थित येणार. अबोलीताईंचं वर्णन वाचून नुकसान पुढच्या भागातच दिसतंय, म्हणून चिमणचारा म्हणतात तसं वाट बघणं हाच मुख्य उपाय.

कॅल्शियम: नखात ते अगदी नगण्य असतं. नख कडक असतं ते केराटिनमधल्या गंधकाच्या बंधांमुळे. चुना खाऊन नखं घट्ट होत नाहीत. नखावरचे पांढरे ठिपकेही कॅल्शियमचे नसतात, बहुतेक वेळा नख तयार होताना बसलेल्या बारीक माराचे असतात. सासूबाईंना हे तुम्ही सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

हार्डनर: बऱ्याच हार्डनरमध्ये फॉर्माल्डिहाइड किंवा त्याच्या जातीचं रसायन असतं. ते केराटिनचे धागे आणखी बांधतं. पहिले काही आठवडे नख कडक वाटतं, मग इतकं कडक होतं की वाकायच्या ऐवजी तुटतं. निरोगी नखाला थोडी लवचीकता लागते. पापुद्रे सुटणाऱ्या नखाला ते तर अजिबात नको.

बायोटिन (एक ब जीवनसत्त्व): कुणीतरी लिहिणारच म्हणून आधीच. ठिसूळ नखांवर रोज २.५ मिलिग्रॅम देऊन केलेले काही छोटे अभ्यास आहेत, पण पुरावा तोकडा आहे. आणि ड्रिलनं पातळ केलेलं नख गोळीनं जाड होणार नाही. घेत असाल तर रक्त तपासायच्या आधी डॉक्टरांना आणि लॅबला जरूर सांगा. थायरॉईडच्या आणि हृदयविकारात बघतात त्या ट्रोपोनिनच्या चाचण्यांचे आकडे बायोटिनमुळे चुकीचे येऊ शकतात. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेनं २०१७ मध्ये याबद्दल इशारा दिला होता.

मग करायचं काय? पाणी टाळा. नख पाणी शोषून फुगतं, वाळताना आकसतं. दिवसातून वीस वेळा हे झालं की थरांमधला चिकटपणा सुटतो. साबण आणि भांड्याची पावडर त्यात भर घालतात. पार्लरनं सुरुवात केली असेल, पण आता पापुद्रे काढतंय ते बहुधा मोरीतलं पाणी.

माईआजी

डॉक्टर म्हणतायत ते पटतं मला. माझं माहेर हळदीच्या व्यापाऱ्याचं, गणपती पेठेतलं. वखारीत हळद निवडणाऱ्या बायकांची नखं सहा-सहा महिने पिवळी असायची, पण घट्ट असायची. सोललेली नखं असायची ती आमच्या धुणंवाल्या मावशींची. लहानपणी वाटायचं हळदीत काहीतरी गुण आहे. आता कळलं, हळदीचं काम कोरडं असतं.

रात्री झोपताना एरंडेल लावायचं बोटांना, कोमट करून. चिकट असतं, पण उशीला जुनी खोळ घालायची.

भडंगप्रेमी

म्हणजे तेल लावा हा माझा सल्ला बरोबर निघाला. मसाल्याचं बघू नंतर.

सुरपेटी

जरा अवांतर, पण नखं हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे. मी सरोद वाजवतो. सतारीला डाव्या बोटाच्या कातडीवर भागतं. सरोदला पडदे नसतात, सरकत जाणारा सूर नखानं तार दाबून घ्यावा लागतो. त्यामुळे डाव्या हाताच्या दोन बोटांच्या नखांना खाचा पडतात आणि ती टोकाशी सोलत जातात. म्हणजे तुमचं जे एकदा झालं ते आमचं रोजचं.

शिकताना पहिली ताकीद मिळते ती नखांची. रियाज झाला की लगेच फाईल, एकाच दिशेनं, करवतीसारखी पुढेमागे नाही. मागेपुढे घासलं की थर उचकतात. धातूची खरबरीत फाईल नको, काचेची घ्या, धुऊन वर्षानुवर्षं चालते. आणि सुटलेला पापुद्रा कधीही ओढायचा नाही. हात शिवशिवतो, माहितेय मला. तरी नाही. फाईलनं तेवढीच कड गुळगुळीत करायची. ओढला की निरोगी भागही घेऊन येतो.

एकदा मिरजेत तारा बदलून घ्यायला गेलो होतो, तिथल्या सतारमेकर काकांनी वाद्याच्या आधी माझा हात हातात घेऊन नख बघितलं आणि म्हणाले, "सुरात कचकच वाद्याची नाही, या नखाची आहे." नख घासून दिलं. वाद्याला हातही लावला नाही. पैसेही घेतले नाहीत.

चिमणचारा

वा, काय किस्सा आहे. स्वतंत्र धागा काढा यावर.

तासगावची_द्राक्षं

पाण्यावरून आठवलं. बेदाण्याच्या हंगामात आमच्या शेडवर द्राक्षं रॅकवर टाकायच्या आधी द्रावणात बुडवून काढतात, पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइल. आधी बायका उघड्या हातानं करायच्या. बोटं चिरायची, नखं मऊ पडून टोकाला सुटायची. आता आम्ही हातमोजे देतो, पण नुसते रबराचे मोजे कुणी घालत नाही. आत घाम येतो, हात भिजतो तो भिजतोच. माझ्या बायकोनं शक्कल काढली: आत सुती मोजे, वरून रबराचे. सुती मोजे संध्याकाळी धुऊन टाकायचे. तेव्हापासून टिकलंय. अबोलीवहिनींनी भांड्याला हे करून बघावं. लई सोपं आहे.

पांढरा_कोट

अगदी हेच सांगणार होतो. सुती आत, रबरी वर. तुमच्या घरच्यांना माझा नमस्कार कळवा.

मेंदीची_पानं

एक इशारा देते. माझ्याही नखावर एक्स्टेन्शन होतं, एका बाजूनं थोडं सुटलं होतं. दुर्लक्ष केलं. नंतर काढलं तर खाली नख हिरवं! मला वाटलं मेंदीचा डाग. लिंबू घासलं, टूथपेस्ट घासली. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं की स्युडोमोनास नावाचे जिवाणू आहेत, सुटलेल्या नखाखालच्या ओलीत वाढतात. नख तिथंपर्यंत कापलं, कोरडं ठेवलं, औषधाचे थेंब टाकले, तेव्हा गेलं. कुठं हिरवट दिसलं तर त्यावर नेलपॉलिश लावून झाकू नका.

रंगबोटी

बरोबर. आणखी एक. कातडीला जेल लागलं किंवा लॅम्पखाली नीट कडक झालं नाही तर ॲलर्जी येते. नखांभोवती खाज, बारीक फोड, कधी पापण्यांनाही. एकदा आली की आयुष्यभर राहते, आणि दातात भरायच्या काही सिमेंटमध्येही त्याच जातीची रसायनं असतात. अशी खाज येत असेल तर जेल बंद, कायमचं. माझं गिऱ्हाईक गेलं तरी चालेल. युरोपमध्ये यातलं हेमा नावाचं रसायन २०२१ पासून फक्त व्यावसायिकांनीच वापरायचं असा नियम आहे. आपल्याकडे घरी करायचं किट लॅम्पसकट ऑनलाइन येतं आणि कॉलेजच्या पोरी हॉस्टेलवर एकमेकींना लावतात.

आणि घरी ॲसिटोन वापरणाऱ्यांनी गॅसजवळ, देवाच्या दिव्याजवळ बसू नका. भडकन पेटतं ते.

कृष्णाकाठ

सगळं पार्लरवर ढकलण्याआधी माझं ऐका. मी वर्षभर एका पार्लरला दोष देत होते. तिच्या नावानं मैत्रिणींत बोंब मारली. नखं वाढायची, परत तशीच ठिसूळ यायची, आणि पुढं पुढं मध्ये खोलगट व्हायला लागली, पाण्याचा थेंब थांबेल अशी. जिना चढताना धाप लागायची ते मी वयावर घातलं. तपासलं तर हिमोग्लोबिन ८. लोह संपलेलं. पाळीचा त्रास होता, कधी कुणाला सांगितला नव्हता.

उपचार झाले, नखं सुधारली. पार्लरवालीला जाऊन सॉरी म्हणाले. ती म्हणाली, "मला माहीतच नव्हतं तुम्ही चिडला होता."

पांढरा_कोट

महत्त्वाचा प्रतिसाद. नवीन येणारं नखही बुडापासूनच खराब येत असेल, पायाचीही नखं तशीच असतील, थकवा किंवा केसगळती असेल, तर हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉईड तपासून घ्या. नख मासापासून सुटत असेल, सूज किंवा पू असेल, किंवा एकाच नखात नवी काळी उभी रेघ दिसत असेल तर थांबू नका, दाखवून घ्या.

अबोली_सांगली (१३ मे)

एवढे प्रतिसाद! डोळ्यात पाणी आलं खरंच. (पाणी टाळायचंय ना, पुसलं लगेच.)

पायाची नखं चांगली आहेत. लाल अर्धगोल आहेत, दोन बोटांना. नखं अगदी बारीक कापली आज, रडत रडत. सुती मोजे शिवलेत जुन्या बनियनचे. एरंडेलाच्या वासानं लेक जवळ झोपत नाही, म्हणून खोबरेल लावलं तर चालेल का?

कॅशवर ओला स्पंज असतो नोटा मोजायला, त्याचं काय करू?

पांढरा_कोट

खोबरेल चालेल, साधं व्हॅसलिनही चालेल. हात धुतल्यावर लगेच, ओलसर असतानाच लावा, पाणी आत धरून ठेवायचं काम ते करतं. क्युटिकल, म्हणजे नखाच्या बुडाची पातळ कातडी, कापू नका, ढकलूही नका. हवं तर पारदर्शक साधा बेस कोट लावा, पण आठवड्यातून एकदाच काढा. रिमूव्हरनंही नख कोरडं पडतं.

खणभागचा_तात्या

स्पंजच्या जागी रबराची टोपी मिळते बोटात घालायची, ठिपक्याठिपक्यांची. स्टेशनरीच्या दुकानात. मी एकतीस वर्षं कॅशला होतो, म्हणून सांगतो.

चिमणचारा

तात्या!! शंभर गुण.

अबोली_सांगली (२६ जुलै)

धागा वर काढतेय. अडीच महिने झाले.

अर्ध्यापेक्षा जास्त नख नवीन आलंय. मध्ये एक स्पष्ट पायरी दिसते, मागचं जाड आणि गुळगुळीत, पुढचं पातळ, मळकट. लाल अर्धगोल सरकत टोकाकडे गेलेत. जूनमध्ये दोनदा हिंमत खचली, कारण पुढचा भाग तसाच सोलत होता. एकदा पापुद्रा ओढलाही, सुरपेटी यांची क्षमा मागून. तात्यांची रबरी टोपी आता आमच्या अख्ख्या शाखेत चालते. सोमवारी ठेचा केला. बिनमोज्यानं. थोडं झोंबलं, पण केला.

सासूबाईंना चुन्याचं सांगितलं नाही. त्या आता म्हणतात चुन्यानं गुण आला.

एक चूक मात्र मान्य करते. त्या पार्लरमध्ये जाऊन शांतपणे सांगितलं की काढताना असं असं झालं. मालकीणबाई म्हणाल्या, त्या मुलीचा तो कामाचा तिसराच दिवस होता. मला तिचं नावसुद्धा माहीत नव्हतं आणि मी अडीच महिने तिला मनात शिव्या घातल्या.

माईआजी

छान झालं गं. माझ्या पायाच्या अंगठ्यावर मेच्या सुट्टीत नातवानं लाकडी पाट पाडला, नख काळं पडलंय. तेही चार महिन्यांत येईल का?

पांढरा_कोट

आजी, पायाचं नख हाताच्या निम्म्या वेगानं वाढतं. अंगठ्याला वर्ष ते दीड वर्ष धरा. मार नीट आठवतोय आणि काळेपणा पुढे सरकतोय ना, तेवढं बघत राहा. सरकला नाही तर दाखवा.

माईआजी

दीड वर्षं! म्हणजे नातवाला तोवर चॉकलेट बंद.

अबोली_सांगली

आता नणंदबाईंचा फोन आलाय, दिवाळीच्या आधी तिच्या जावेचं डोहाळजेवण आहे, परत सगळ्याजणी नखं करूया म्हणते. @रंगबोटी, चालेल का?

रंगबोटी

सगळी पायरी टोकाला जाऊन कापून होईपर्यंत नाही. त्यानंतर हौस असेल तर साधं जेल पॉलिश, लांबी न वाढवता, आणि काढायला वेळ हातात घेऊन या. पंधरा मिनिटं. रिक्षा सोडून द्या.

अबोली_सांगली

मग मेंदीच काढते यंदा.

पांढरा_कोट

काढा. फक्त झटपट रंगणारी काळी मेंदी नको, तिच्यात केसांच्या कलपातलं पीपीडी असू शकतं, हातभर फोड येतात.

माईआजी

आमच्या परसात मेंदीचं झाड आहे. पाला वाळवून ठेवते, विश्रामबागेत कुणी येणारं असलं की पाठवून देते. पत्ता व्यक्तिगत निरोपानं कळव.